तळे राखील तो मासा चाखील? मध्ययुगीन मत्स्यतळ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात जुन्या चर्चच्या मागच्या कुरणात शिरलं की कधीकधी जमिनीत ओळीनं तीन-चार लांबट चौकोनी खळगे दिसतात. कडेला गवताखाली दबलेला बांध, मधे ओलसर लव्हाळी, वर मेंढ्या चरताहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी घराचा पाया खणला आणि पैसे संपले म्हणून सोडून दिला. खरं तर ते सात-आठशे वर्षांपूर्वीचं मत्स्यतळं असतं. इथली उत्तरं मुख्यतः इंग्लंडची, साधारण १०६६ ते १५४० या काळातली आहेत. फ्रान्समध्ये किंवा बोहेमियात (आजच्या चेक देशात) जाणं झालं तिथे तसं सांगितलं आहे.

मॅनर म्हणजे काय? आणि त्यात तळ्याचं काय काम?

एका धन्याच्या ताब्यातली जमीन, त्या जमिनीवरची माणसं आणि दोन्हींवर चालणारा त्याचा हक्क, हे सगळं मिळून मॅनर. आपला 'जहागीर' हा शब्द जवळ जातो, तंतोतंत बसत नाही. धनी सरदार असेल, बिशप असेल, एखादा मठ असेल, खुद्द राजाही असेल. जमिनीचा एक भाग तो स्वतःसाठी कसून घेई, उरलेली कुळांकडे असे. त्यांतली बरीच कुळं जमिनीला बांधलेली. धन्याच्या शेतात ठरलेले दिवस फुकट राबायचं, दळण त्याच्याच गिरणीत न्यायचं, तंटा झाला तर तोही त्याच्याच कचेरीत.

तळं असायचं धन्याच्या वाड्यालगत. कबुतरखाना, सशांचं राखीव रान, कुंपण घातलेलं हरणांचं रान आणि मत्स्यतळं अशी चौकडी जमली की धनी खरा मातब्बर. चारही ठिकाणी युक्ती एकच: जेवण जिवंत साठवायचं आणि लागेल तेव्हा काढायचं. मीठ न लावलेलं, धुरी न दिलेलं, ताजं. आणखी एक गोष्ट चौघांत सारखी होती. खर्च आणि त्रास गावाच्या वाट्याला यायचा. धन्याची कबुतरं दाणे टिपायची ती कुळांच्या शेतातले, आणि त्यांना मारायची कुळांना मुभा नव्हती.

उपासाला मासळी? हे काय गौडबंगाल आहे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि श्रावण पाळणाऱ्या घरांतून तर हमखास. आपल्याकडे उपास म्हणजे आधी मासळी बंद. मध्ययुगीन युरोपात उलटं होतं. उपासाच्या दिवशी वर्ज्य ते मांस, म्हणजे जनावरांचं आणि पक्ष्यांचं. मासा चालायचा. वसईच्या ख्रिस्ती वाचकांना यात नवल वाटणार नाही.

हे दिवस थोडेथोडके नव्हते. शुक्रवार तर होताच, बहुतेक ठिकाणी शनिवार, पुष्कळ ठिकाणी बुधवारही. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, नाताळापूर्वीचा आगमनकाळ, मोठ्या सणांचे आदले दिवस. कर्मठ घरात वर्षाचा निम्म्याच्या आसपास काळ असा जाई. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत तर दूध, लोणी, अंडीसुद्धा बंद. मठांचा नियम आणखी कडक होता. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीप्रमाणे चार पायांच्या प्राण्याचं मांस फक्त आजारी आणि अशक्त माणसाला.

कारण दिलं जाई ते आपल्या तामसी-सात्त्विकाच्या वळणाचं. मांस उष्ण, रक्त तापवणारं, वासना जागवणारं. मासा थंड आणि ओला, म्हणून निरुपद्रवी. आता 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही गोष्ट काही आपल्यापुरती नाही. नियम आला की पळवाट आलीच. बीव्हर नावाच्या प्राण्याची खवल्यांसारखी दिसणारी शेपटी माशात मोजली गेली. बार्नॅकल हंस समुद्रातल्या लाकडाला लटकून जन्मतात, म्हणून ते पक्षी नव्हेतच, असंही ठरलं. आयर्लंडमधले बिशप आणि साधू हे हंस उपासाला बिनदिक्कत खातात, असं जेराल्ड ऑफ वेल्स याने ११८८ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे.

तर उपास होता, पण श्रीमंताच्या घरी तो उपाशी राहण्याचा नव्हता. मासा कोणता वाढला यावरून यजमानाची पत ठरायची, आणि तळ्याची गोष्ट इथून सुरू होते.

म्हणजे गावाला मासे मिळावेत म्हणून तळी खणली जात?

नाही. तळं गावात असे, मासा गावाचा नसे.

सामान्य माणसाच्या ताटात यायचं ते खारवलेलं हेरिंग आणि वाळवलेला कॉड, म्हणजे त्यांचं सुकट-बोंबील. इंग्लंडमध्ये उत्खननात मिळणाऱ्या माशांच्या हाडांवरून दिसतं की इसवी सन १००० च्या आसपास समुद्री माशांचं प्रमाण एकाएकी वाढलं. पिंपात भरलेलं हेरिंग किनाऱ्यापासून लांबच्या बाजारातही पोचू लागलं. ते स्वस्त होतं, टिकत होतं, आणि उपासकाळ संपता संपता त्याचा सगळ्यांना वीट आलेला असे.

गोड्या पाण्यातला ताजा मासा ही वेगळीच चीज होती. चांगला वाढलेला पाइक किंवा ब्रीम बाजारात मिळालाच, तर त्याची किंमत कसबी गवंड्याच्या दिवसाच्या मजुरीहून जास्त असे. मग जो मासा विकत घेणंही परवडत नाही तो आपल्या अंगणातल्या पाण्यात पोहतो आहे, आणि पाहुणा आला की जाळं टाकून काढता येतो, हे दाखवण्यात धन्याची शान होती. इंग्रज कवी चॉसरच्या कँटरबरी कथांमधला खाऊपिऊ जमीनदार आठवा. त्याच्या ऐश्वर्याची खूण म्हणून पिंजऱ्यातल्या लठ्ठ तित्तिरांसोबत तळ्यातले ब्रीम आणि पाइकच येतात.

पण मठातले साधू तरी रोज तळ्यातले मासे खात असतील ना?

पर्यटकांना सांगितली जाणारी ही आवडती गोष्ट: गुबगुबीत साधू, मागे तळं, रोज ताजा मासा. हिशेबाच्या वह्या तसं म्हणत नाहीत. मोठ्या मठांच्या स्वयंपाकघराच्या नोंदींत आणि त्यांच्या उकिरड्यांतल्या हाडांत समुद्रातला मासाच जास्त आहे, आणि तो विकत आणलेला. शेदीडशे तोंडांच्या पंगतीला दोन-तीन तळी वर्षभर कशी पुरणार? थंड पाण्यात ब्रीम खाण्याजोगा व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. तळ्यातला मासा निघे तो सणाला, मठाधिपतीच्या टेबलावर, किंवा बिशप मुक्कामाला आला तर.

शोध साधूंनी लावला असंही सरसकट ऐकू येतं. तेही तपासून घ्यावं. इसवी सन ८०० च्या सुमारास शार्लमेन या फ्रँक राजाच्या कारभाऱ्यांसाठी निघालेल्या हुकूमनाम्यात राजाच्या मॅनरांवर मत्स्यतळी राखा, शक्य तिथे वाढवा, नसतील तिथे नवी करा, काढलेल्या माशांच्या जागी दुसरे सोडा, असं सांगितलेलं आहे. इंग्लंडमध्ये १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, नदीवरच्या मासेमारीच्या जागा ढिगाने आहेत, खोदलेली तळी मात्र मोजकीच. ती वाढली बाराव्या-तेराव्या शतकात, आणि त्यात राजे, बिशप, सरदार, मठ सगळेच होते.

तळं बांधत कसं?

ज्याने गावतळ्याची किंवा पाझर तलावाची पाळ पडताना पाहिली आहे त्याला अर्धं उत्तर आधीच ठाऊक आहे. फार खोदायचं नसतंच. बारीक ओढ्याची उथळ दरी शोधायची आणि ती आडवी बांधाने अडवायची. वरचा गवताचा थर कापून बाजूला करायचा, म्हणजे बांध पक्क्या जमिनीवर बसतो. बांधाच्या पोटात चिकणमातीचा गाभा, धुमसाने ठोकून ठोकून घट्ट केलेला, दोन्ही बाजूंना मातीचा भराव आणि वर पुन्हा तेच गवत. गाभा कच्चा राहिला तर पाणी आधी झिरपतं, मग वाट काढतं आणि एका रात्रीत बांध घेऊन जातं.

खरी अक्कल लागे ती पाणी बाहेर काढायच्या सोयीला. बांधाच्या तळातून ओकचं पोखरलेलं खोड आरपार घालत. ही झाली मोरी. आतल्या टोकाला भोक आणि भोकात लाकडी बूच. बूच उपसलं की तळं रिकामं. वरून जादा पाणी जायला सांडवा, आणि त्याच्या तोंडाशी वेताची किंवा लाकडी जाळी, नाहीतर पहिल्याच पुरात माल शेजारच्या मॅनरला जायचा. शिवाय तळ्याला वळसा घालून जाणारा एक पाट. ओढ्याला पूर आला की सगळं पाणी या पाटाने खाली सोडून द्यायचं, तळ्यात हवं तेवढंच घ्यायचं. आज पाणी कुठेच नसलं तरी हा कोरडा पाट पुष्कळ ठिकाणी शाबूत दिसतो. अभ्यासक तळं ओळखतात ते बऱ्याचदा त्यावरून.

मध्य युरोपात पुढे मोरीवर फळ्या सरकवून पाण्याची पातळी ठरवायची उभी पेटी आली. जर्मन भाषेत तिला आजही 'साधू' म्हणतात.

तळी साधारणतः दोन जातींची. मोठ्याला लॅटिन नोंदींत व्हिव्हेरियम म्हणतात. तिथे मासे वाढत, अंडी घालत. छोटं ते सर्व्हेटोरियम, वाड्याजवळचं, जेमतेम पुरुषभर खोल. मोठ्यातून काढलेले मासे पंगतीपर्यंत तिथे जिवंत ठेवायचे. या छोट्याला इंग्रजीत 'स्ट्यू' म्हणत. त्याचा रस्स्याशी काही संबंध नाही. जुन्या फ्रेंचमधल्या 'बंदिस्त ठेवायची जागा' या अर्थाच्या शब्दावरून तो आला. गंमत अशी की न्हाणीघरांवरून आलेला दुसरा 'स्ट्यू' म्हणजे कुंटणखाना, आणि लंडनसमोर थेम्सच्या काठी साउथवर्कमध्ये दोन्ही प्रकारचे स्ट्यू होते. कुंटणखाने होते विंचेस्टरच्या बिशपाच्या अखत्यारीतल्या जमिनीवर. हे बिशप पुढे पुन्हा भेटतील.

मातीकाम अर्थातच कुळांच्या हातचं. कसबी माणसाला मजुरी मिळे, पण कित्येक मॅनरांवर गिरणीचं तळं उपसणं, गाळ काढणं, बांध डागडुजीला माती वाहणं हे वेठीच्या कामात धरलेलं असे. ज्याच्या गवती कुरणावर हे पाणी चढलं तोही बहुधा कूळच.

कोणते मासे सोडत? कार्प ना?

कार्प नव्हे, निदान सुरुवातीची तीन-चारशे वर्षं तरी. मूळचा डॅन्यूबकाठचा हा मासा इंग्लंडमध्ये पोचला पंधराव्या शतकात. १४६० च्या दशकात सफोकमधले सर जॉन हॉवर्ड, जे पुढे ड्यूक ऑफ नॉरफोक झाले, आपल्या तळ्यांत कार्प सोडत असल्याच्या नोंदी त्यांच्या घरखर्चाच्या वह्यांत आहेत. १४९६ मध्ये छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या एका इंग्रजी पुस्तिकेतही हा मासा रुचकर पण देशात विरळा, असंच म्हटलं आहे.

त्याआधी मान ब्रीमचा. खालोखाल पाइक, टेंच, पर्च, रोच. पाइक म्हणजे गोड्या पाण्यातला लांडगा, लांब तोंडाचा, दातांचा, दुसऱ्यांना गिळून वाढणारा. पंगतीत त्याला फार भाव, पण तळ्यात तो बेतानेच ठेवावा लागे, नाहीतर ब्रीमची बोटुकली त्याच्याच पोटात. टेंच चिखलातला, कमी प्राणवायूवर तगणारा.

कार्प आला आणि गणित बदललं. तो भराभर वाढतो, गढूळ आणि कोमट पाण्यात मजेत राहतो, ओल्या गवतात गुंडाळला तर बराच वेळ जगतो. आपल्या बाजारात तो तुम्ही पाहिलेला आहे. महाराष्ट्रातले मच्छीमार ज्याला 'सायप्रिनस' म्हणतात तोच हा. भारतात तो १९३९ मध्ये सिलोनमार्गे निलगिरीत आला, आणि त्याची दुसरी जात १९५७ मध्ये बँकॉकहून.

मासे काढत कसे, आणि नेत कसे?

थोडे हवे असतील तर जाळं. सगळे हवे असतील तर बूच. दर चार-पाच वर्षांनी तळं पूर्ण रिकामं करत. पाणी उतरत जाई तसे मासे मोरीजवळच्या खोलगट भागात गोळा होत आणि माणसं चिखलात उतरून ते टोपल्यांत भरत. मोठे वाड्याजवळच्या छोट्या तळ्यात, लहान पुन्हा वाढायला, नको ते बाहेर.

जिवंत मासे लांब न्यायचे तर पाण्याच्या पिंपात घालून गाडीवर, किंवा ओल्या गवतात-पेंढ्यात बांधून टोपलीत. हा प्रवास थंडीतच व्हायचा. तेराव्या शतकातला इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री या बाबतीत फार उदार होता. त्याच्या कारकिर्दीतल्या शाही पत्रांत अमक्या सरदाराला त्याच्या तळ्यात सोडण्यासाठी माझ्या तळ्यातले इतके जिवंत ब्रीम द्या, असे हुकूम वारंवार येतात. आपल्याकडे राजाने खूश होऊन शेला-पागोटं द्यावं, तसे तिथे ब्रीम. एका अर्थी तेच त्या काळचं मत्स्यबीज केंद्र.

रिकामं तळं तसंच पडून राहायचं?

छे. तळात साचलेला गाळ म्हणजे सोनं, तो शेतात जाई. कधी कोरड्या तळातच ओट किंवा बार्ली पेरत, किंवा गुरं सोडत. जमिनीला ऊन-वारा लागला की तळातली घाणही मरते आणि पुढच्या खेपेला मासे चांगले वाढतात.

फ्रान्समध्ये लियाँजवळच्या दोंब भागात ही फेरपालट तेराव्या शतकापासून रुजली आणि अजून टिकून आहे: काही वर्षं पाणी आणि मासे, मग एक वर्ष नांगर आणि धान्य. तिथे पाण्यावरचा हक्क एकाचा आणि कोरड्या जमिनीवरचा दुसऱ्याचा अशीही वाटणी असे. भाऊबंदकीला याहून सुपीक जमीन कुठली! इंग्लंडमध्ये जॉन टॅव्हर्नर या शाही वनखात्यातल्या माणसाने १६०० साली तळी आलटून-पालटून कोरडी ठेवा, असं छापून सांगितलं, पण तोवर ही रीत जुनी झालेली होती.

गिरणीच्या तळ्यात आणि वाड्याच्या खंदकातही मासे असत का?

असत. इंग्लंडमध्ये खंदक खणलेली हजारो जुनी घरं आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे खंदक शत्रूला अडवण्यापेक्षा शेजाऱ्याला दिपवण्यासाठी खणलेले. पाणी आहेच तर मासे सोडले. गिरणीच्या बांधावर मात्र राज्य वामीचं. पाणी चाकावर पडतं तिथे वेताचे सापळे लावले की वामी आपसूक सापडत. डूम्सडे बुकात कित्येक गिरण्यांचा खंड पैशांत नाही, वामींत लिहिलेला आहे. वामी मोजायचं मापही ठरलेलं, पंचवीसची एक 'स्टिक'. ईली या गावाचं नावच तिथल्या वामींवरून पडलं, असं बीड या इतिहासकाराने आठव्या शतकात लिहून ठेवलं.

सगळ्यांत मोठी तळी कुणाची होती?

राजाची, आणि तीही नेहमी माशांसाठी बांधलेली नव्हेत. यॉर्क जिंकल्यावर पहिल्या विल्यमने तिथली फॉस नदी किल्ल्यासाठी अडवली. त्यात दोन नव्या गिरण्या, शेती, कुरणं आणि बागा पाण्याखाली गेल्याची नोंद डूम्सडे बुकात आहे. धरणग्रस्तांची इतकी जुनी सरकारी नोंद क्वचितच सापडेल, आणि त्यात पुनर्वसनाचा शब्द नाही. हेच पाणी पुढे 'राजाचं मत्स्यतळं' म्हणून गाजलं. हेन्रीचे भेटीचे ब्रीम इथूनही जात.

केनिलवर्थ किल्ल्याभोवतीचं सरोवर राजा जॉनच्या काळात मोठं झालं. मासे होतेच, पण १२६६ च्या वेढ्यात त्या पाण्यानेच किल्ला सहा महिने झुंजवला. हल्ल्यासाठी चेस्टरहून होड्या आणवल्या, तरी काही चाललं नाही. शेवटी आतले लोक भुकेने आणि रोगराईने टेकीला आले.

आणि विंचेस्टरचे बिशप. हँपशर आणि सरे भागात त्यांची तळ्यांची माळच होती: ऑल्रेसफर्ड, बिशप्स वॉल्थम, फ्लीट, फ्रेनशम. त्यांच्या कारभाराचे सालवार हिशेब १२०८–०९ पासून हाती आहेत, म्हणून आपल्याला या तळ्यांबद्दल इतकं कळतं. फ्रेनशमचं मोठं तळं तेराव्या शतकात बिशपाच्या पंगतीसाठी झालं. दुसऱ्या महायुद्धात ते चक्क रिकामं करावं लागलं, कारण वरून इतकं ठळक दिसे की जर्मन विमानांना वाट सापडायची.

यातून पैसे सुटत होते का?

फारसे नाही, आणि माझ्या मते हा मुद्दा बहुतेक वर्णनांत निसटतो. आपण तळं बघतो आणि लगेच उत्पादन-खर्च-नफा मांडतो. बिशपाच्या तळ्यांतून निघालेला मासा मुख्यतः त्याच्याच घरी शिजला नाहीतर भेट म्हणून गेला. एवढ्या जमिनीवर बार्ली घेतली असती तर जास्त मिळालं असतं. पण बार्ली पाठवून राजाची मर्जी संपादन होत नाही. कोपरान्कोपरा कसलेल्या गावात इतकी जमीन नुसती पाण्याखाली ठेवणं, हाच तर धन्याचा तोरा होता.

गावातल्या कुणी मासा चोरला तर?

आपल्याकडे म्हण आहे, तळे राखील तो पाणी चाखील. इथे राखणाऱ्याने चाखलं तर दंड. किरकोळ चोरी मॅनरच्या कचेरीत काही पेन्सांवर मिटे. पण धन्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. १२३६ मध्ये मर्टनच्या सभेत सरदारांनी मागणी केली की आमच्या रानांत आणि तळ्यांत सापडलेले लोक आम्हाला आमच्याच तुरुंगात घालू द्या. राजाने नकार दिला. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात मात्र रान आणि मत्स्यतळ्यात घुसणाऱ्याला भरपाई आणि वर तीन वर्षं कैद अशी तरतूद झाली. तीन वर्षं, ब्रीमसाठी!

चोर नेहमी भुकेलेच असत असं नाही. शेजारचा सरदार, गावचा पाद्री, कधी दुसऱ्या मठाचे साधूसुद्धा खटल्यांत दिसतात. बांध फोडून तळं रिकामं करणं ही वैर साधायची सोपी तऱ्हा होती.

आणि मग १३८१ चं शेतकऱ्यांचं बंड. नाइटन या इतिवृत्तकाराने लिहिल्याप्रमाणे बंडाचा पुढारी वॉट टायलर याने राजापुढे ठेवलेल्या मागण्यांत एक अशी होती की राखीव पाणी, रानं आणि जंगलं सगळ्यांसाठी खुली व्हावीत, गरिबालाही श्रीमंतासारखी शिकार करता यावी, मत्स्यतळ्यातला मासा धरता यावा. टायलर लंडनच्या स्मिथफील्डमध्ये त्याच भेटीत मारला गेला. ज्याला आपण वाड्यामागचा खळगा म्हणतो तो एका बंडाच्या मागणीपत्रात होता, हे मला तळ्याच्या सगळ्या मापांहून जास्त सांगणारं वाटतं.

बोहेमियातल्या तळ्यांचं इतकं नाव का?

कारण तिथे तळं खरोखरच धंदा झालं. दक्षिण बोहेमियात त्रेबोन या गावाभोवती रोझेनबर्ग घराण्याची दलदलीची जमीन होती, शेतीला निरुपयोगी. सोळाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत श्तेपानेक नेतोलित्स्की याने तिथे 'सोनेरी कालवा' खणवला, पंचेचाळीसहून जास्त किलोमीटर लांब, तळ्यामागून तळं जोडत जाणारा. त्याच्यानंतर याकुब क्रचिन आला आणि १५८४ ते १५९० मध्ये त्याने रोझम्बेर्क तळं बांधलं. ते जवळपास ४९० हेक्टरचं आहे आणि चेक देशातलं सगळ्यात मोठं. क्रचिनने कुळांना असं राबवलं की लोककथांत त्याने सैतानाशी करार केला आणि त्याचं भूत अजून त्या बांधावर भटकतं. काळ मध्ययुगाच्या पलीकडचा, पण व्यवस्था तीच: धन्याची जमीन, कुळांची वेठ. फरक हा की इथला कार्प विक्रीसाठी होता. ओलोमोउत्सचा बिशप यान दुब्राव्हियस याने तर १५४७ मध्ये मत्स्यतळ्यांवर अख्खं लॅटिन पुस्तक काढलं. चेक घरांत नाताळच्या संध्याकाळी आजही तळलेला कार्प लागतो, आणि त्याचं एक खवलं वर्षभर पाकिटात जपून ठेवतात, पैसा टिकावा म्हणून.

मग इंग्लंडमधली तळी बंद का पडली?

एकदम नाही पडली. १३४८–४९ च्या महामारीत माणसं इतकी मेली की वेठीला हात उरेनात. मजुरी चढली, आणि धन्यांनी आपली शेती आणि तळी खंडाने द्यायला सुरुवात केली. तेव्हा कुठे एखादा खाटीक, एखादा खाऊनपिऊन सुखी शेतकरी तळ्याचा खंडकरी म्हणून नोंदींत दिसू लागतो. १५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीने मठ मोडले. नव्या मालकांतल्या काहींनी तळी राखली, काहींनी बुजवली.

इंग्लंडने कॅथलिक पंथ सोडून प्रॉटेस्टंट पंथ धरल्यावर उपासही संपायला हवे होते, पण सरकारला समुद्रावरचे मच्छीमार हवे होते, कारण युद्धात तेच खलाशी. म्हणून १५६३ मध्ये एलिझाबेथच्या पार्लमेंटने बुधवारी मासाच खा, असा कायदा केला. याने आत्म्याचा उद्धार होतो असं कुणी सांगितलं तर त्यालाच शिक्षा, अशी तंबीही त्यात होती! मात्र याचा फायदा हेरिंगला. तळ्यातला ब्रीम हळूहळू फॅशनबाहेर गेला आणि अठराव्या शतकात कित्येक तळ्यांचे कोपरे घासून शोभेची सरोवरं झाली.

आपल्याकडे असं काही होतं का?

हुबेहूब नाही. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इथल्या वाचकांना मामा तलाव आठवले असतील, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. ते हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले, मग मालगुजारांच्या ताब्यात, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारकडे. गावचा धनी, त्याचं तळं आणि त्यावर कुणाचा हक्क हा वाद, इतकं साम्य आहे. फरक मोठा आहे. तो तलाव धानासाठी बांधला गेला, मासे मागाहून, आणि त्या माशांभोवती ढिवर समाजाचं पोट उभं राहिलं. इंग्लिश मॅनरच्या तळ्यावर असं पिढीजात पोट भरणारा कोळी समाज दिसत नाही. तिथे होता पगारी राखणदार.

प्रत्यक्ष बघायचं तर कुठे जावं?

सॉमरसेटमधलं मीर गाव गाठा. तिथे कुरणात एकटंच उभं असलेलं चौदाव्या शतकातलं दगडी 'मासळीघर' आहे, ग्लॅस्टनबरीच्या मठाचं. समोरचं विस्तीर्ण पाणी केव्हाच उपसून गेलं, तिथे आता गायी आहेत. रटलँडमध्ये लिडिंग्टनला लिंकनच्या बिशपाच्या वाड्याजवळ तळ्यांचे खळगे आणि बांध जमिनीत छान वाचता येतात. फ्रेनशमला पाणी अजून आहे, उन्हाळ्यात मुलं डुंबतात.

हिवाळ्यात जा, दुपार कलल्यावर. उन्हाळ्यात गवत वाढलेलं असतं आणि काही कळत नाही. सूर्य खाली आला की बांधाची सावली लांब पडते आणि तळ्याचे चारही कोपरे उठून दिसतात. गमबूट मात्र घाला. बूच उपसून साडेचारशे वर्षं झाली तरी तळातला चिखल पुरता सुकलेला नसतो.